घर बेर्मेतला, छापील पेटी एसेनगुलला

मी, सायराकान, दिवंगत शार्शेन यांची पत्नी, वय शहात्तर, धंदा लोकर थापून नमद्याच्या सतरंज्या करणं, राहणार ताश-बुलाक, कोचकोर, हे मृत्युपत्र लिहिते ते पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्या धाकाने नव्हे आणि कोणाच्या लाडीगोडीने तर नव्हेच. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. नोटरीबाईंनी त्याची खात्री करण्यासाठी मला आजची तारीख विचारली. मी ती सांगितली, आणि वर त्यांच्या आजीचं माहेर कुठलं तेही सांगितलं.

नोटरीबाई म्हणतात, "आजी, कोणाला काय द्यायचं तेवढं लिहा. बाकीचं कायद्याला लागत नाही."

कायद्याला नसेल लागत. पण हे वाचून भांडायला बसणाऱ्यांना लागेल, म्हणून सगळं लिहिते. त्यांनी चहा घ्यावा आणि दम धरावा.

लिहायला बसण्याचं कारण असं. आमच्यात घर धाकट्या मुलाचं. थोरला वेगळा होतो, धाकटा आईबापांची चूल सांभाळतो. माझा धाकटा उर्मात दूर परदेशात याकुत्स्कला कामाला गेला आणि तिथे त्याने दुसरी चूल मांडली. त्याची बायको बेर्मेत इथेच राहिली. तिला मूल नाही. गेल्या महिन्यात उर्मातचा फोन आला. मला कमी ऐकू येतं म्हणून तो मोठ्या आवाजावर लावलेला असतो.

"आपा, घर विकून टाक. गुडघे घेऊन तिथं काय करतेस? बाइकेकडे बिश्केकला जा." आमच्यात आईला 'आपा' आणि थोरल्या भावाला 'बाइके' म्हणतात.

"आणि बेर्मेत?"

"तिनं आपल्या माहेरी जावं. तिला कुणी बांधून ठेवलंय?"

मी फोन ठेवून पलीकडच्या खोलीत गेले, तर बेर्मेतची लग्नातली पेटी उघडी. कपडे घड्या घालून आत ठेवलेले. ती मांडीवर नमद्याचा पट आणि हातात कात्री घेऊन बसलेली. त्या पटाचं आणि आमच्या घरातल्या खेळांचं पुढे लिहीनच.

"ही कसली तयारी, पोरी?"

"आपा, त्या छापील खेळात पाहुण्यानंच भाडं भरायचं असतं ना? मी तर इतकी वर्षं फुकट राहिले. आता आपणच उठलेलं बरं."

"या घरात छापील नियम कधी चालला का?"

ती हसली नाही. नेहमी हसते. त्याच दिवशी मी ठरवलं.

कलम १. राहतं घर, अंगण, जर्दाळूची झाडं, गोठा आणि त्यातली लाल गाय हे सर्व मी माझी सून बेर्मेत हिला देते. ती या घरात पाहुणी नाही. तिने ते विकावं, ठेवावं, कुलूप लावून समुद्र बघायला जावं, तिची मर्जी. तिला माहेरी पाठवण्याचा हक्क कोणालाही नाही. रीत मला ठाऊक आहे. जन्मभर रीत पाळली, आता एकदा मोडते. एवढी सवलत माझ्या वयाला असावी.

कलम २. शार्शेनचा लाकडी पट. हा कोणाला द्यायचा ते सांगण्याआधी तो काय आहे ते सांगणं भाग आहे, नाहीतर कोणीतरी त्यावर कणीक मळेल.

शार्शेन भूगर्भवाल्यांचा ट्रक चालवत असे. त्यांच्यात आर्वो नावाचा एस्टोनियाचा माणूस होता. लहानपणी, महायुद्धाच्या आधी, त्यांच्या घरी व्यापाराचा डाव होता: चौकोनी पट, कडेने रस्त्यांची नावं, फासे टाकायचे, जागा विकत घ्यायची, तिच्यावर घरं बांधायची. आमच्या देशात तेव्हा सगळा व्यापार सरकारचा, असला खेळ कोण विकणार? खिंडीत तीन दिवस पाऊस लागला आणि तंबूत बसून आर्वोने शार्शेनला सगळा खेळ सांगितला.

घरी येईपर्यंत शार्शेन निम्मा विसरला. विसरलेल्या जागा त्याने आपल्या अकलेने भरल्या. प्लायवूडवर रस्त्यांऐवजी आमची उन्हाळी कुरणं काढली आणि त्यांना घरातल्या वडीलधाऱ्यांची नावं दिली. मेंढ्या म्हणून पांढरा घेवडा. तंबू म्हणून अक्रोडाची अर्धी टरफलं, पालथी. सोंगट्या म्हणून मेंढीच्या घोट्याची हाडं, प्रत्येकाची वेगळ्या रंगात बुडवलेली. एवढं सगळं जमलं, पण एक गोष्ट त्याला काही केल्या आठवेना. दुसऱ्याच्या कुरणावर आपलं हाड जाऊन थांबलं, तर कोणी कोणाला द्यायचं?

"यात विचारायचं काय?" तो म्हणाला. "पाहुणा दारात आला. मालकानं द्यायचं."

तसंच ठरलं. ज्याचे तंबू जास्त त्याच्याकडे पाहुणे जास्त, आणि त्याने घेवडाही जास्त द्यायचा. आणि ज्याच्याकडचं सगळं आधी संपेल, ज्याच्या हातात काहीच उरणार नाही, तो जिंकला. खेळाचं नाव आम्ही ठेवलं कोनोक, म्हणजे पाहुणा. आमच्या पोरांना वाटे, सगळ्या जगात तो असाच खेळतात.

शार्शेन नेहमी जिंके. गेला तेव्हाही घराखेरीज त्याच्यामागे एक कोट आणि हा पट एवढंच निघालं. त्याच्या जनाज्याला दोन खिंडी ओलांडून माणसं आली, आम्हाला शेजाऱ्यांची भांडी मागून आणावी लागली.

तर हा लाकडी पट, घेवडा, टरफलं आणि शिंगाचे दोन फासे यांसह, मी गावच्या शाळेला देते. शाळेने तो काचेत ठेवू नये. खेळावा.

कलम ३. याच लाकडी पटाच्या मागच्या बाजूला सामूहिक शेतीची आवृत्ती काढलेली आहे. ती वेगळी देता येत नाही, पण तिची हकिकत शाळेतल्या मुलांना कळावी.

सामूहिक शेतीच्या अध्यक्षांच्या कानावर खेळ गेला. ते घरी आले, पट पाहिला, भुवया वर.

"शार्शेन, हा तर खाजगी मालकीचा खेळ आहे."

"साहेब, यात मालक कफल्लक होतो."

अध्यक्षांनी एक टरफल उचलून पाहिलं. मग म्हणाले, "ते ठीक आहे. तरी एक सामूहिक शेतीची आवृत्ती कर बाबा. उद्या कोणी वरचा आला तर दाखवायला बरी."

शार्शेनने केली. तिच्यात सगळी कुरणं सगळ्यांची. कोणी काही घ्यायचं नाही, कोणी काही द्यायचं नाही, फासे टाकून नुसतं गोल गोल फिरायचं आणि दर फेरीला टाळ्या वाजवायच्या. अध्यक्ष स्वतः खेळायला बसले. दोन फेऱ्या झाल्या आणि त्यांनी पट उलटा केला. "शार्शेन, ही वरच्यांसाठी ठेव. आपण आपली जुनी खेळू." माणूस वाईट नव्हता.

कलम ४. छापील पेटी मी थोरला मुलगा एसेनगुल याला देते. ती त्यानेच आणली होती. जुना देश मोडून नवा झाला त्यानंतरच्या थंडीत तो शहरातून आला, तेव्हा बगलेत चकचकीत पेटी होती. आत मॉस्कोचे रस्ते, प्लास्टिकची घरं, कागदी नोटा आणि नियमांचा कागद. एसेनगुलने तो कागद आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला. दुसऱ्याच्या जागेवर थांबलं तर थांबणाऱ्याने मालकाला भाडं द्यायचं. सगळे कफल्लक झाले की उरलेला एकटा जिंकला.

कागद हातोहात फिरला. मग शार्शेन म्हणाला, "छापणाऱ्यांची चूक झाली असेल."

"आता, सगळं जग असंच खेळतं," एसेनगुल म्हणाला. आमच्यात बापाला 'आता' म्हणतात.

"मग जगाच्या घरी पाहुणे जात नसतील."

एसेनगुल त्या दिवशी हिरमुसला. तो वाईट नाही. शिकला, वकील झाला, नियम वाचून माणसाने वागावं असं त्याला वाटतं. माझ्या औषधांचं तोच बघतो. एसेनगुल, बाळा, पेटी तुझी, पिवळी घोडीही तुझी. आणि हा कागदही नियमाचाच आहे, तो तू नीट वाच. धाकट्याचा फोन आला तर त्यालाही वाचून दाखव, तसा मोठ्याने.

कलम ५. बाजाराची आवृत्ती. ही चिनी पोत्याच्या कापडावर शिवलेली आहे आणि माझी आहे, शार्शेनची नव्हे. त्या वर्षांत कोणाला पगार नव्हता. मी कोचकोरच्या बाजारात नमदे घेऊन बसायची. गिऱ्हाईक दिवसात एखादं. थंडीने बोटं वाकडी व्हायची. शेजारच्या बायका रडायला लागल्या की मी पोतं पसरायची. कुरणांच्या जागी बाजारातली दुकानं: मीठवाली, बटणवाली, चिनी बुटांचा लोखंडी कंटेनर, आणि एका कोपऱ्यात हप्ता मागणारा पोलीस. त्याच्या घरात जो थांबेल त्याने उठून सगळ्यांसाठी चहा आणायचा.

याच आवृत्तीत माझी नणंद कालिचा हिने टरफलं घागऱ्याखाली लपवली. ती आजवर कबूल करत नाही. ती उठली तेव्हा तीन तंबू तिच्याखाली चिरडलेले मी या डोळ्यांनी पाहिले. ती म्हणाली, "वहिनी, तुझे अक्रोडच किडके!"

पोतं मी बाजारातल्या मीठवालीच्या मुलीला देते. ती आता आईच्या जागेवर बसते.

कलम ६. चहाचं पाणी उकळायचा समोवर मी कालिचाला देते. तिचा त्याच्यावर फार दिवसांचा डोळा आहे. समोवर झाकणाशिवाय दिला जाईल, कारण झाकण कालिचाकडेच आहे. शार्शेनच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला ते इथून गेलं ते परत आलं नाही. विचारलं की म्हणते, "कुठलं झाकण?" आता दोन्ही एकत्र नांदोत.

कालिचाबद्दल मला राग आहे, तो लिहून ठेवते म्हणजे माझ्याबरोबर मातीत जाणार नाही. उर्मातचा फोन आल्याचं कळताच ती अंगणात येऊन म्हणाली, "रीत ती रीत, वहिनी. मूल नाही, नवरा नाही, ती कोणाच्या नावानं राहणार? मला नाही का पाठवलं?"

खरं आहे. तिलाही पाठवलं होतं. ती एकवीस वर्षांची असताना तिचा नवरा खाणीत मेला आणि सासरच्यांनी चाळिसावा उरकून तिला पेटीसकट घोड्यावर बसवून दिलं. ती आली तो दिवस मला आठवतो. तिने पेटी उघडलीच नाही, महिनाभर कपड्यांच्या एका जोडावर काढला. शार्शेनने अंगणापलीकडे तिला खोली बांधून दिली आणि तेव्हाच तिच्या नावावर केली, म्हणून ती खोली या कागदात येत नाही. म्हणूनच मला राग येतो, कालिचा. जे तुझ्यावर झालं ते तिच्यावर व्हावं असं तुझ्या तोंडून निघावं?

कलम ७. नमद्याचा पट. हा बेर्मेतचाच आहे. तिची वस्तू तिला द्यायचा मला हक्क नाही, पण उद्या कोणी भिंतीवरून उतरवून नेऊ नये म्हणून नोंद करते.

बेर्मेत सून होऊन आली तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात आम्ही तिला लाकडी पटावर बसवलं. आमच्यात सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नसतं, आणि शार्शेनने तर एकेका कुरणाला एकेका वडीलधाऱ्याचं नाव देऊन ठेवलेलं. तिचं हाड कुठे थांबलं ते तिला सांगता येईना. सासऱ्याच्या कुरणावर आली की म्हणायची, "ते आपले, ट्रकवाल्यांचं." चुलतसासऱ्याच्या कुरणावर, "ते घोरतात ना, त्यांचं." शार्शेन हसून हसून खोकायला लागे. कालिचाच्या कुरणाला ती काय म्हणायची ते इथे लिहीत नाही.

वसंतात तिने स्वतःच लोकर रंगवली आणि नमद्याचा पट कापला, लाल आणि निळा. एकाही घरात नाव नाही, नुसती नक्षी: मेंढ्याचं शिंग, कावळ्याचा पंजा, कुत्र्याचं शेपूट. आता तिला कुठेही थांबता येई आणि मान वर करून सांगता येई. मी आयुष्यभर नमदे केले, पण असा हात माझा नाही. शार्शेनने पट उजेडात धरला आणि म्हणाला, "माझा लाकडाचा आता चुलीत घातला तरी चालेल." चुलीत घालू मात्र दिला नाही.

उर्मात गेला त्या सकाळी याच पटावर डाव चालू होता. बाहेर गाडीने भोंगा वाजवला. त्याचं लाल हाड मेंढ्याच्या शिंगावर होतं, म्हणजे बेर्मेतच्या घरात. तिने मूठभर घेवडा पुढे केला होता. "राहू दे, आल्यावर घेतो," तो म्हणाला. तो अजून यायचा आहे. पहिली काही वर्षं बेर्मेत झाडताना पट जपून उचलायची. मग तिने प्रत्येक हाडाला दोऱ्याचा टाका घालून ते आपापल्या जागी पक्कं केलं, आणि पट भिंतीवर लावला.

पेटी भरायच्या दिवशी ती कात्री घेऊन बसली होती ती त्या लाल हाडाच्या टाक्यापाशी. कापला नव्हता.

कलम ८. उर्मात. मी त्याला घर देत नाही. त्याच्या वाटणीला या कागदात जमीन नाही, जनावर नाही. तो वाचेल तेव्हा म्हणेल, आपाने मला टाकलं. मी टाकलेलं नाही. उर्मात, तू झोपलास की तोंड उघडं राहायचं, ते मी बोटाने मिटायची. तू माझा शेवटचा, मला सगळ्यात आवडता, आणि हे मी तुझ्या भावासमोर लिहिते आहे. पण तू एका बाईला दारात बसवून गेलास आणि आता दारच विकायला काढलंस. ते माझ्याने होणार नाही.

या घरात आल्यावर पाहुण्याला मिळतं ते तुला मिळावं अशी माझी इच्छा आहे: गरम रोटी, आणि पेल्यात अर्धाच चहा, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येईल. पण ही अट नाही. बेर्मेत, पोरी, तुझ्यावर घर टाकलं म्हणून पाहुणेही टाकले असं समजू नकोस. घर तुझं, दार तुझं. त्या लाल हाडाचा टाका ठेवायचा की कापायचा तेही तुझं. माझी नमद्याची सुरी आणि ती मोठी कात्री तुला देते, दोन्हींना धार लावून घेतली आहे.

पुरवणी. वरचा सगळा मजकूर आज माझ्या घरात साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. दोन साक्षीदार ठरले होते. मधमाश्यावाले जापार आले. निवृत्त शिक्षिका नुरझाकान यांची गाय आज व्यायला झाली म्हणून त्या आल्या नाहीत. कालिचाला कोणी बोलावलं नव्हतं. ती दाराशी उभी राहून ऐकत होती, आणि मला वाटलं, आता ही भांडणार.

नोटरीबाई म्हणाल्या, "दुसरा साक्षीदार नसेल तर मला पुढच्या आठवड्यात यावं लागेल. खिंडीत बर्फ पडलं तर वसंतातच."

वसंतापर्यंत माझं काय होईल ते अल्लाला ठाऊक. उर्मात मात्र नव्या वर्षाला येतो म्हणाला आहे, घराला गिऱ्हाईक घेऊन.

कालिचा आत आली. "माझी सही घ्या."

"तुमची नाही चालणार, आजी," नोटरीबाई म्हणाल्या. "तुम्हाला यात समोवर मिळतोय. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही."

"मग समोवर खोडा."

मी म्हणाले, "कालिचा, काय करतेस? जन्मभर तो मागत होतीस."

"चहा काय, कुठल्याही किटलीत होतो, वहिनी. खोड म्हणते ना! माझी पेटी घोड्यावर चढवली तेव्हा अंगणात सगळं गाव उभं होतं. एकानं असा कागद लिहिला नाही. लिहिला असता तरी त्यावर सही करायला कोणी पुढं आलं नसतं." मग बेर्मेतकडे वळून, "रडतेस काय, भवाने? पेटी रिकामी कर जा. कपड्यांना वास लागतो."

बेर्मेत गेली. पेटीचं झाकण भिंतीला आपटल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

म्हणून कलम ६ मधला समोवर मी माझ्या हाताने खोडते. तो बेर्मेतला जावा. कालिचा म्हणते, झाकणही आजच आणून देते, अर्धा समोवर कोणाच्या कामाचा. कुठलं झाकण, असं मी तिला विचारलं नाही.

हे मृत्युपत्र माझं पहिलं आणि शेवटचं. याआधी कुठे काही बोलून गेले असेन तर ते रद्द समजावं. वाचून पाहिलं, बरोबर आहे, सही करते.

मुक्काम ताश-बुलाक, कोचकोर. दिनांक १९ ऑक्टोबर २०१९.

सही: सायराकान

साक्षीदार १: जापार, मधमाश्या पाळणारे, राहणार ताश-बुलाक.

साक्षीदार २: कालिचा, मृत्युपत्र करणारीची नणंद, राहणार ताश-बुलाक. हिला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.